रेडिएटरमधली हळद

मंडळी, आज माझं डोकं गाडीपेक्षा जास्त तापलंय.

पंधरा दिवसांपूर्वी दिंडोरीच्या नानादादाकडून, म्हणजे माझ्या चुलतभावाकडून, त्याची चौदा वर्षं जुनी गाडी घेतली. "लय जीव लावलाय गाडीला. डोळे झाकून घे," म्हणाला. मी घेतली.

आज सकाळी शाळेत शिकवायला जाताना म्हसरूळजवळ बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी ओढून गॅरेजला नेली. ती थंड झाल्यावर मेकॅनिक सलीमभाईंनी रेडिएटर रिकामा केला, तर खाली पिवळंधमक पाणी!

"ताई, यात हळद टाकलीय. गळकं भोक थोडे दिवस बुजतं. गाडी विकायची असली की करतात लोक."

तेवढ्यात दादाचाच फोन. "शुक्रवारी पोरीची हळद हाय, नक्की ये. गाडी बरी चालतीय ना?"

"मस्त चालतेय," मी म्हणाले.

मग ते पाणी बाटलीत भरून घेतलं. पोरीला साडी नेणार, तिचा काय दोष? बाटली मात्र अख्ख्या भावकीसमोर दादाच्या हातात ठेवणार, आणि आत काय आहे तेही मोठ्याने सांगणार.

फक्त एवढं सुचवा, बाटलीला रिबीन लाल बांधू की सोनेरी?