कोणतं वय बरं?

दवाखान्यात माणूस बरं व्हायला जातो आणि किस्से घेऊन परत येतो. आमच्या परभणीच्या केमो वॉर्डात सलाइन थेंबथेंब पडत असतं, तोंडं रिकामी असतात, त्यामुळे किस्स्यांना तोटा नाही. माझ्याकडे साठलेले सगळे मात्र एकाच प्रश्नाचे. वय किती?

माझं चौतीस. सोनपेठला शाळेत शिकवते. छातीत गाठ लागली तेव्हा ओळखीचे डॉक्टर हसून म्हणाले, "या वयात कसलं काय मॅडम, दुधाची गाठ असेल." मी खूश होऊन भाजी घेऊन घरी आले. मुलगी पहिलीत होती, तिचं दूध कधीच सुटलं होतं, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही! गाठ वाढत राहिली.

*

कॅन्सर आहे हे कळल्यावर पेडगावची मावशी आली. "तरणं वय हाय, सहज निभावून नेशील."

तिचा कप विसळतेय तोवर चुलतसासरे आले. "तरण्या वयात हे लय जोरात पळतंय म्हणतेत."

दोघांनाही मी "हो ना" म्हटलं. मुलगी दहावी होईपर्यंत मी असेन का, एवढंच मला हवं होतं. ते कुणाला विचारायचं हेच कळेना.

*

वॉर्डात शेजारच्या खुर्चीत झरीची गयामाय. सिस्टरनं तिचं वय विचारलं. मुलगा म्हणाला पासष्ट, सून म्हणाली बहात्तर. दोघांची तिथंच जुंपली.

गयामाय शांतपणे म्हणाली, "या दुखण्याला कोणतं वय बरं असतंय बाई? तेच लिवा की."

*

शेवटी हाच प्रश्न मी मोठ्या डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, "तरुणपणी आजार बऱ्याचदा आक्रमक असतो, पण शरीर औषधं सोसतं. उतारवयात बऱ्याचदा सावकाश असतो, पण शुगर-बीपी आडवी येते. गाठ कोणत्या प्रकारची, किती लवकर सापडली, तेही बघावं लागतं. नुसत्या वयावर काही ठरत नाही. कळलं?"

वर्गातली पोरं म्हणतात तसं मी "हो" म्हणाले.

बाहेर नवऱ्यानं विचारलं, "काय म्हणाले?"

"नीट समजावून सांगितलं."

"काय?"

"तेच तर."

*

एके दिवशी सलाइन चालू असताना मला रडू आवरेना. गयामायनं माझ्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. "माझं उरलेलं समदं आयुष्य तुला लागू दे, बाय. मी काय, पिकलं पान." मला आणखीच रडू आलं.

तेवढ्यात तिला डॉक्टरांनी आत बोलावलं. बाहेर आली ती गप्प. मी घाबरले.

"काय झालं, गयामाय?"

"औषध लागू पडायलंय म्हणे. दुखणं सावकाशीचं हाय, आणखी लय वर्षं काढताल म्हणले."

"मग चांगलंच की."

"चांगलं हाय. पर मी तर समदं तुला देऊन बसले न्हवं?"

मग खुर्ची माझ्याकडे सरकवून हळूच म्हणाली, "असं करू. अर्धं-अर्धं घेऊ."