डिस्क ब्रेकची पूजा

मुलीच्या सायकलचा ब्रेक मी पूजा करून बिघडवला.

दसऱ्याला आमच्याकडे चाक असलेली प्रत्येक वस्तू धुऊन-पुसून पुजली जाते. रेणूची डोंगरात चालवायची सायकल त्यात आलीच. दुसऱ्या दिवशी टेकडीवर तिची निवडीची शर्यत होती. चांगली चालवली तर जिल्ह्याच्या संघात! म्हणून मी जरा जास्तच भक्ती केली. त्या सायकलच्या चाकात मधोमध स्टीलची चकचकीत तबकडी असते. (एवढी सुंदर जागा आमच्या देव्हाऱ्यातही नाही!) दोन्ही तबकड्यांवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं.

दुपारी रेणू चक्कर मारून परतली ती जमिनीला पाय घासत. ब्रेक दाबला की सायकल शेपटीवर पाय पडलेल्या मांजरीसारखी किंचाळायची, आणि थांबायची मात्र आपल्या सवडीने!

"बाबा, ब्रेक लागून नाही राहिला!"

आमचे हे हिंगण्याला कारखान्यात मशीनवर असतात. लगेच खाली बसले. "याच्यात तार नसते, पोरी. नळीतल्या तेलाच्या जोरावर चालते. हवा घुसली असंल." त्यांनी हँडलवरचा दांडा दाबला. तो तर घट्ट! "हवा नाही. तेल बी गळत नाही. मंग काहून नाही लागत?"

दोघं पाना शोधायला आत गेले. जाणत्यांच्या मध्ये बोलायची मला भीती वाटते; पण किंचाळणाऱ्या वस्तूचं औषध मला ठाऊक होतं. शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणली आणि दोन्ही तबकड्यांना पोटभर पाजलं.

रेणूने येऊन चाक फिरवलं, ब्रेक दाबला. आवाज गायब!

"बाबा, सुधरला!" म्हणत ती गल्लीच्या उताराला लागलीसुद्धा.

आवाजाबरोबर उरलासुरला ब्रेकही गेला होता!

"आई वंऽऽ!"

खाली चौक. चौकात ट्रक. माझा आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेलेला नाही, पण त्या दिवशी मी "हट जाऽऽ" अशी ओरडले की ट्रकवालाच थांबला! रेणू कोपऱ्यावरच्या आपट्याच्या पानांच्या ढिगात घुसली.

"काहून वं पोरी," पानं विकणारी बाई कडाडली, "सोनं लुटाचं म्हणून असं लुटते का?"

रेणू धड होती. यांनी तबकडी फडक्याने पुसली. फडकं लालभडक!

"अवं, याले कुंकू लावलं का?"

"थोडंसं... मग मशीनचं तेल."

"अवं, ब्रेक यालेच तर पकडते! तेल लावल्यावर काय पकडंल, कप्पाळ?"

तबकडीला पकडणारे पॅडही तेल प्यायलेले; नवेच हवे होते. सणाचा दिवस, दुकानं बंद. शेवटी जरीपटका वस्तीत एका दुकानदाराने अर्धं शटर उघडून ब्रेकचे नवे पॅड दिले. तबकड्या स्पिरिटने पुसल्या. मी लांब, भिंतीला टेकून.

"आई," रेणू म्हणाली, "उद्या ये. पण हातात काही नको आणू."

शर्यतीत ती उतारावरून सुसाट आली, वळणावर अचूक ब्रेक मारला आणि संघात गेली. मी सगळा वेळ दोन्ही हात वर करून उभी होते. शेजारची बाई कौतुकाने म्हणाली, "काकू, काय उत्साह आहे तुमचा!"

उत्साह कसला! हात रिकामे आहेत, हे लेकीला लांबूनच दिसायला हवं होतं!