परदेशीपुऱ्यातली मावशी

"बाई, स्पुटम पॉझिटिव्ह आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे थुंकीत क्षयाचे जंतू सापडले होते. माझी दीड वर्षाची मंदा तेव्हा मांडीवर बसून माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "हिला आजपासून दूर ठेवा."

दूर म्हणजे कुठे? नवं राज्य झालं तशी यांची कचेरी भोपाळला गेली आणि फायलींबरोबर हेही गेले. धारच्या जाऊबाईंनी पत्राला उत्तर दिलं नाही. जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या आमच्या शेजारणी माझ्याशी उंबऱ्याबाहेरूनच बोलू लागल्या.

एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर रडत बसले होते, तिथे रत्नाबाई भेटल्या. नगरकडच्या ख्रिस्ती. त्या आणि त्यांचे यजमान, पाद्रीबाबा, मिशनचं एक निराळंच काम करत. आईबाप आजारी पडले की मुलं अनाथालयात न धाडता एखाद्या घरी ठेवायची, आणि आईबाप बरे झाले की परत आणून द्यायची. पाद्रीबाबा सायकलवरून दर आठवड्याला प्रत्येक मुलाला बघून येत.

"पोर बाटवाल," मी तोंडावर म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. "तुमच्यासारख्याच घरात ठेवते. देव्हारा असलेल्या," म्हणाल्या.

तशी मंदा परदेशीपुऱ्यात, मिल कामगारांच्या वस्तीत, सावित्रीकडे गेली. सावित्रीचा नवरा मिलमध्ये, पदरी मूल नाही. मी शहराबाहेरच्या सॅनेटोरियमात.

तिथे रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. ते जंतू मारतं, पण कानात सतत गुणगुण ठेवून जातं. शिवाय मळमळवणाऱ्या मूठभर गोळ्या. माझी ताट-वाटी वेगळी, तिच्यावर लाल रंगाची खूण. तुमच्यापैकी कुणाला हे दुखणं झालं असेल तर ऐका, बरं वाटलं म्हणून औषध सोडू नका. मी एकदा चार दिवस सोडलं आणि डॉक्टरांनी सगळ्या वॉर्डासमोर माझी हजेरी घेतली.

महिन्यातून एकदा रत्नाबाई मंदाला कुंपणापाशी आणत. सावित्री तिला कडेवर घेऊन उभी राही. चौथ्या खेपेला मंदाने माझ्याकडे पाहिलं आणि सावित्रीच्या खांद्यात तोंड लपवलं.

"शरमाते हो ताई. घरी तर दिवसभर बडबड करते," सावित्री म्हणाली. मला ते फार झोंबलं.

रत्नाबाईंना बाजूला बोलावून मी म्हटलं, "हिला अनाथालयातच ठेवा. तिथे निदान आई म्हणायला दुसरी कुणी नसेल." लिहिताना लाज वाटते, पण म्हटलं खरं.

त्या म्हणाल्या, "ती तुम्हाला विसरली, तर ओळख पुन्हा करून देता येईल. कुशीत शिरायचंच विसरली, तर ते मला शिकवता येत नाही."

मी तोंड फिरवलं. पुढचे दोन महिने कुंपणापाशी गेलेच नाही.

चौदा महिन्यांनी स्पुटम लागोपाठ तीनदा निगेटिव्ह आलं. "आता लेकीला एका ताटात घेऊन जेवा," डॉक्टर हसून म्हणाले. रत्नाबाईंबरोबर टांग्याने मी परदेशीपुऱ्यात गेले.

सावित्री मंदाला भरवत होती. हा घास काऊचा, हा घास चिऊचा. मला बघून तिचा हात थांबला. मंदाने मात्र तिसरा घास स्वतःच उचलून ताटाच्या कडेला ठेवला.

"हे काय?" मी विचारलं.

सावित्री ओशाळली. "तो आईचा हो ताई. रोज बाजूला ठेवतो. विसरायला नको ना."

मंदा माझ्याकडे बघत राहिली. "आई?" तिने सावित्रीला विचारलं.

"हां बेटा, हीच."

मग मंदाने तो घास उचलला आणि चालत येऊन माझ्या तोंडापाशी धरला. अर्धा वाटेतच सांडला होता. मी उरलेला खाल्ला आणि सावित्रीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी जुनी इंदूरच्या घरी मी वरणभात कालवला. काऊचा झाला, चिऊचा झाला. तिसरा घास मी मंदाच्या तोंडाशी नेला, तर तिने ओठ घट्ट मिटले. ती दाराकडे बघत होती.

मी तो घास ताटाच्या कडेला ठेवला. म्हटलं, "हा मावशीचा."

तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं.