कोशिंबीर मॅडम

व्याकरणाच्या शंकेपायी माणसाचं वाटोळं होऊ शकतं, आणि तेसुद्धा दुसऱ्याच माणसाचं, हे मला त्या दुपारी कळलं.

मी मुलांच्या रुग्णालयात पत्रकं लिहितो. डॉक्टर जे अवघड करून बोलतात ते आईबापांना कळेल असं कागदावर उतरवायचं, हे माझं काम. त्या दिवसांत आमच्याकडे एका सिरपची चाचणी चालू होती. ज्या लहान मुलांची छाती सारखी भरते, त्यांच्यातल्या अर्ध्यांना नेहमीच्या औषधांबरोबर खरं सिरप द्यायचं आणि उरलेल्यांना त्याच रंगाचं, त्याच चवीचं नुसतं गोड पाणी. एका बाटलीवर ‘क’, दुसरीवर ‘ख’. कशात काय आहे हे आईला ठाऊक नाही, डॉक्टरांना नाही, सिस्टरना नाही. ठाऊक होतं ते औषधभांडारातल्या फार्मासिस्टला. उरलेल्या बाटल्यांचं काय करायचं, याचं पत्रक मला लिहायचं होतं म्हणून मी त्याला विचारायला गेलो. तो खोक्यांत डोकं घालून बसला होता. मान वर न करता म्हणाला, “‘ख’ परत आणायला सांगा, मोरीत ओतू देऊ नका. ‘क’चं काय, झाडाला घातलं तरी झाड मरायचं नाही.”

मी ते इमानेइतबारे लिहून काढलं आणि अडलो. एक वाक्य करावं की दोन? अशी शंका आली की मी तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत जायचो. तिथे संख्याशास्त्राच्या मॅडम बसत. चाचणीत किती मुलं घ्यायची, काय मोजायचं, शेवटी हिशेब कसा मांडायचा, सगळं त्यांनी आखलेलं. एक फालतू शब्द त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

“मॅडम,” मी म्हणालो, “‘ख’ परत करा, पण ‘क’ मोरीत ओतली तरी चालेल. यात ‘पण’ हवा का?”

त्यांनी हातातलं पेन थांबवलं. टोपण शोधलं, लावलं, पेन टेबलावर सरळ ठेवलं.

“नको,” त्या म्हणाल्या.

मी ‘पण’ खोडला आणि खुशीत निघून आलो.

रुग्णालयात मागून सगळे त्यांना कोशिंबीर मॅडम म्हणत. आंधळी कोशिंबीर खेळताना डोळ्यांवर पट्टी बांधतात ना, त्यातली कोशिंबीर. मी नवा. मला वाटायचं, त्यांच्या जाड भिंगांवरून कोणीतरी वात्रटपणा केला असेल. खरं कारण फार्मासिस्टने सांगितलं, पण संध्याकाळी, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर.

“अहो पत्रकवाले, त्यांनासुद्धा ठाऊक नसतं,” तो कपाळाला हात लावून म्हणाला. “मुद्दाम ठाऊक करून घेत नाहीत. शेवटचा हिशेब लागेपर्यंत बाई पट्टी बांधून बसतात.”

“मग तुम्ही मला कशाला सांगितलंत?”

“सांगितलं. दवंडी पिटायला नव्हतं सांगितलं.”

ही पट्टी डोळ्यांवर दिसत नसे, पण मॅडमचा सगळा दिवस तिने बांधलेला होता. वॉर्डातल्या गप्पाटप्पा कानावर पडू नयेत म्हणून त्या कँटीनमध्ये भिंतीकडे तोंड करून एकट्या जेवत. मुलांच्या वॉर्डावरून जावं लागू नये म्हणून धोबीखान्याच्या बाजूच्या जिन्याने चढत. कोणी डॉक्टर लिफ्टमध्ये “आज ते ‘ख’वालं बाळ काय हसलं” असं म्हणायला लागला, की मॅडम मधल्याच मजल्यावर उतरत. त्यांना बघितलं की लोक आपोआप गप्प व्हायला शिकले होते. हे एका चाचणीपुरतं नव्हतं. एक संपली की दुसरी, अशी अख्खी नोकरी. मुलांच्या औषधांबद्दल या शहरात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसेल आणि त्यांनी त्यांतलं एकही मूल बघितलेलं नव्हतं.

ओळखत मात्र होत्या. कोणतं मूल सिरप थुंकतं, कोणाची आई चमचा धाकट्यालाही चाटवते, कोण मध्येच यायचं बंद झालं. न येणाऱ्यांची त्यांना फार काळजी. “सगळ्यांत महत्त्वाचं तेच सांगतात,” त्या म्हणत, “आणि तेच बोलत नाहीत.” एका पोराने आपलं सिरप बरेच दिवस कुंडीत ओतलं होतं. डॉक्टर म्हणाले, याला वगळा. मॅडम म्हणाल्या, पहिल्या दिवशी ज्या रांगेत बसवलं त्याच रांगेत तो शेवटपर्यंत राहील. घराघरांत औषधं अशीच घेतली जातात, कुंडी धरून.

तर त्या दुपारी मी गेल्यावर मॅडम उठल्या आणि थेट मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. चाचणीतलं शेवटचं बाळ तपासून व्हायला थोडेच दिवस राहिले होते. नंतर एकदाच, सगळ्यांसमोर पट्टी सुटायची. तो दिवस मॅडमचा असायचा. इतक्या वर्षांच्या एकट्या जेवणांच्या बदल्यात मिळणारी ती एक दुपार. मोठ्या डॉक्टरांनाही ते माहीत होतं. मलाही बोलावणं आलं होतं, म्हणून पुढचं मी स्वतः ऐकलं.

“हे बघा,” ते म्हणाले, “हा गृहस्थ काहीतरी पुटपुटला. तुम्ही कामात होता. तुम्ही ऐकलं नाही.”

“मी ऐकलं.”

“विसरून जा ना मग.”

“वहीत डाग पडला तर पान फाडता येतं. मी काय फाडू?”

मी चाचरत विचारलं, की मॅडमसारखी सरळ बाई थोडीच लबाडी करणार आहे? त्या माझ्याकडे वळल्या. रागाने नाही. शाळेत मागच्या बाकावरच्या पोराला समजावतात तशा.

“उद्या एका बाळाचा कागद येईल. खोकला आहे, पण छाती भरली की साधी सर्दी, कळत नाही. कोणत्या रकान्यात घालायचं ते मी ठरवते. परत मागवायचं म्हणजे ‘ख’ खरं, आता माझा हात ‘ख’ला झुकतं माप देईल. मी देऊ नको म्हटलं तरी देईल.”

काम दुसऱ्या गावच्या संख्याशास्त्रज्ञाकडे गेलं. मॅडमनी आपला सगळा आराखडा त्याच्या स्वाधीन केला आणि कोपऱ्यातली खोली एकदम रिकामी वाटायला लागली. मी माफी मागायला गेलो. माफी राहिली बाजूला, विचारलं, या धंद्यात कशा पडलात?

“लहानपणी माझी छाती भरायची,” त्या म्हणाल्या. “आत्या रोज एक काळं पातळ औषध पाजायची. मी बरी झाले. आत्या सगळ्या गल्लीला सांगत सुटली, औषधाचा गुण आला. मी विचारलं, आत्या, न घेता बरी झाले नसते कशावरून?”

“मग?”

“मग पाठीत धपाटा. त्याचा गुण मात्र लगेच आला.”

हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होतो. मग म्हणाल्या, “आता मला वरच्या मजल्यावर जायला हरकत नाही.”

आम्ही पुढच्या जिन्याने गेलो. वॉर्डाच्या दारात मॅडम थांबल्या. आत एक मूल पलंगाच्या कठड्यावर चमचा वाजवत होतं, एक आईच्या मांडीवर झोपलं होतं, तोंड उघडं. मॅडम एकेकाकडे अशा बघत होत्या, जणू वर्षानुवर्षं पत्रव्यवहार असलेली माणसं पहिल्यांदा भेटावीत आणि कोण कोणतं ते कळू नये.

एक नवी सिस्टर आली. “भेटायची वेळ संपली. कोणाच्या तुम्ही?”

मॅडमनी दारावरचा हात काढला. “कोणाच्या नाही.”

“मग बाहेर थांबा, बाई.”

मी सिस्टरला सांगायला पुढे झालो, तोवर त्या वळल्याही होत्या. धोबीखान्याच्या जिन्याकडे. सवय.

कँटीनमध्ये आता त्यांना कुठेही बसायची मुभा होती. दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन मोठ्या टेबलाशी आल्या. डॉक्टर, सिस्टर, सगळे एकदम गप्प. कोणी मीठ पुढे सरकवलं. कोणी पंखा किती आवाज करतो ते बोललं. वर्षानुवर्षं शिकवलेलं तोंड एका दिवसात कसं उघडणार? मॅडम जेवल्या, डबा धुतला, आणि त्यानंतर पुन्हा भिंतीकडच्या टेबलावर.

पुढे निकाल आला. दुसऱ्या गावच्या माणसाने मॅडमचाच आराखडा, एक स्वल्पविराम न हलवता, चालवला होता. ‘क’ची मुलं जेवढी बरी झाली तेवढीच ‘ख’ची. सिरपचा काही गुण नव्हता.

मी मनातल्या मनात हिशेब मांडला आणि माझं पाप हलकं झाल्यासारखं वाटलं. त्याच दुपारी माझा डबा घेऊन मी भिंतीकडच्या टेबलाशी गेलो. विचारलं नाही, बसलोच. मॅडमनी आपला डबा जरासा ओढून जागा केली.

“म्हणजे मॅडम,” मी म्हणालो, “दोन्ही सारखंच निघालं. मी बोललो नसतो तरी हेच झालं असतं.”

“हे आज कळलं. तेव्हा कळलेलं नव्हतं.”

“आणि एवढी वर्षं घालवून शेवटी सिरप बिनकामाचं.”

“पुढच्या पोरांना ते गिळावं लागणार नाही.” त्यांनी तुकडा मोडला. “कुंडीतही ओतावं लागणार नाही.”

मग दोघंही जेवत राहिलो. भिंतीवर रंगाचा पोपडा निघाला होता. रोज समोर बसून त्यांना तो पाठ झाला असणार. मी त्यांना माझ्या बायकोच्या आणि फार्मासिस्टच्या दोन-चार गोष्टी सांगितल्या, थोडं तिखटमीठ लावून. त्यांनी दोन ठिकाणी आकडा दुरुस्त केला, एका ठिकाणी हसल्या. डबे रिकामे झाले तरी उठल्या नाहीत. मला वाटलं, जमलं. आपण बिघडवलं, आपणच निस्तरलं.

“बघा मॅडम,” मी म्हणालो, “माणसाच्या सोबतीने जेवलं की बरं वाटतं की नाही?”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, माझ्याकडे जाड भिंगांतून नीट बघितलं आणि म्हणाल्या,

“एका डब्यावरून काही सिद्ध होत नाही.”