तायडे कंडक्टरची गोळी

तायडे कंडक्टर गोळी पाण्याशिवाय गिळायचे. बस बडनेऱ्याच्या बाहेर पडली, तिकिटं देऊन झाली, की खाकी शर्टाच्या खिशातून पाकीट काढायचे, गोळी जिभेवर ठेवायचे आणि मान एकदा मागे टाकायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी माझी बाटली पुढे केली. "राहू द्या मॅडम," ते म्हणाले, "पान्यानं तिचा जोर कमी होते."

रेवा, ईशान, तुम्हा नातवंडांसाठी हे लिहिते आहे; तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाही. मी अकोल्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. सोमवारी सकाळच्या बसने जायचं, शनिवारी परत अमरावतीला यायचं. त्या बसवर बरीच वर्षं तायडेभाऊच होते. उभं राहून धक्के खाऊन त्यांची कंबर कायमची दुखायची, म्हणून रोज एक गोळी. गर्दीत कुणी पुढच्या सीटसाठी भांडलं की म्हणायचे, "मांगची सीट बी अकोल्यालेच जाते, बापू. बस गुमान." मूर्तिजापूरला बस थांबली की खाली उतरून गाडीच्या मागे बिडी ओढायचे. मी नाक मुरडलं की म्हणायचे, "गोळी कमरेले, बिडी मनाले. दोघायचं भांडन नाही."

निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्याच गल्लीत, समोर घर घेतलं. सकाळी फाटकातून "जयभीम मॅडम" म्हणत येत आणि ओट्यावर बसत. बस सुटली तरी गोळी सुटली नव्हती, आणि बिडी तर वाढली होती. त्यांची बायको प्रमिलाबाई तोंडाची फटकळ. "यायच्या पोटात भाकरीपेक्षा गोळ्याच जास्त हायेत," ती म्हणायची. ते म्हणायचे, "डिझेल टाकल्याबिगर गाडी चालते काय?"

मग त्यांच्या वलगावच्या भावाला फुफ्फुसाचा कॅन्सर झाला आणि तीन महिन्यांत तो गेला. तोही बिडी ओढायचा. प्रमिलाबाई घाबरली. तेराव्या दिवशी तिने नवऱ्याकडून शब्द घेतला आणि बिड्यांचे सगळे बंडल गव्हाच्या कोठीत टाकून तिला कुलूप लावलं. तायडेभाऊंनी खरोखर नऊ दिवस बिडीला हात लावला नाही. चिडचिडे झाले होते, पण टिकून होते.

दहाव्या दिवशी ते माझ्याकडे आले तेव्हा मी इंग्रजी पेपर वाचत होते. "काय म्हन्ते तुमचा पेपर?" त्यांनी नेहमीसारखं विचारलं. त्या दिवशी आतल्या पानावर एक बातमी होती. मी ती मराठीत सांगत गेले. दुखण्यावरच्या साध्या गोळ्या नियमित घेणाऱ्या लोकांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर थोडा कमी दिसतो, असं काही डॉक्टरांना आढळलं होतं.

"थांबा," ते म्हणाले. "माझ्यासारख्या गोळ्या?"

"तशाच."

त्यांनी मांडीवर थाप मारली. कितीतरी दिवसांनी ते हसत होते. "म्हंजे तीस वर्षं मी औषधच घेऊन राहिलो, अन् हे बाई मले शिव्या देऊन राहिली."

बातमीत आणखी एक ओळ होती. हा फरक गोळीमुळेच पडतो हे सिद्ध झालेलं नाही, आणि तंबाखू सोडण्याऐवजी गोळी घेऊन चालणार नाही, अशी. मी ती पाहिली होती. पण ते चपला घालत होते, खुशीत होते, आणि माझ्या वाचनाने कुणाला इतका आनंद झाला होता की मला तो मोडवेना. मी पेपर घडी करून ठेवला. जन्मभर मी विद्यार्थ्यांना उतारा शेवटपर्यंत वाचा म्हणून रागावत आले होते.

संध्याकाळी समोरच्या ओट्यावर बिडीचा धूर दिसला. प्रमिलाबाई भांडली, तर ते म्हणाले, "मॅडमनं पेपरातून वाचलं. गोळी हाय न मले राखाले." गल्लीत सगळ्यांना त्यांनी तेच सांगितलं.

पुढच्या वर्षी त्यांचा उजवा खांदा दुखायला लागला. एकाच्या दोन गोळ्या झाल्या, मग तीन. दुखणं दबायचं, म्हणून डॉक्टरकडे जाणं लांबत गेलं. हात उचलेना तेव्हा प्रमिलाबाई आणि मी त्यांना अकोल्याला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. गाठ फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला होती आणि पसरली होती. मी बातमीचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "गोळीनं कॅन्सर झाला असं मी म्हणणार नाही. गोळीनं टळतो असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. यांना बिडीनं गाठलं. गोळीनं फक्त दुखणं झाकून ठेवलं."

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात, प्रमिलाबाई डबा आणायला गेली असताना मी तायडेभाऊंना त्या राहिलेल्या ओळीबद्दल सांगितलं. त्यांना श्वास लागत होता.

"काहून नाही वाचली?" त्यांनी विचारलं.

मी त्यांची चादर सारखी करू लागले.

"प्रमिलेले नका सांगू," ते म्हणाले. "तुमच्याशी बोलनं सोडन ते. मंग कोन हाय तिले?"

त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं. प्रमिलाबाई रोज दुपारी माझ्याकडे येऊन बसते. विषय निघाला की म्हणते, "पेपरवाल्यायले काय होते, काईबी छापतात. मानूस गेला न माझा." मी ऐकून घेते. तिच्यासाठी गप्प बसते आहे, असं मी स्वतःला सांगत होते. पण तिने बोलणं सोडलं तर एकटी मीही पडेन.

पेपराने नीट छापलं होतं, मुलांनो. प्रमिलाबाईला मराठी सावकाश, पण चांगलं वाचता येतं. हे कागद तुम्हाला पाठवण्याआधी मी तिच्या हातात देणार आहे. ती थोड्या वेळात येईल.