चार बोटांचं पातं

रविवार, सकाळी ०९३०. आम्ही सिंगापूरमधल्या बेडोकच्या फ्लॅटमधून बाहेर पडलो. मी निवृत्त सुभेदार, सध्या मुक्काम लेकीकडे. जावई निनाद बँकेत आहे. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसच्या साहेबांबरोबर न्यूझीलंडला हरणाच्या शिकारीला निघणार होता. परवाना, गाइड, सगळं रीतसर. जनावर जागेवरच साफ करायचं, त्याची हत्यारं मात्र ज्याची त्यानं आणायची. घरी कोथिंबीर निवडायला सांगितली तरी ज्याला फोन येतो, तो हा गडी.

शिकारीच्या सामानाच्या दुकानात एका चाकूच्या टोकाला गळासारखा आकडा होता. मला राहवेना.

"हा कशाला?" मी दुकानदाराला विचारलं.

"कातडं उघडायला, अंकल. पोट नाही फाटत."

मी तो उलटसुलट करून पाहिला. करणाऱ्याचं डोकं चांगलं होतं. तोवर निनादनं वीतभर पात्याचा सुरा उचलला होता.

"डॅडी, दॅट वन टू बिग, लाह," नऊ वर्षांची नात इरा म्हणाली.

"नातीला कळतं," मी म्हणालो. "निनादराव, चार बोटांचं पातं घ्या. हातमोजे, दोरी, मांस गुंडाळायला सुती कापड. बास."

"एवढंसंच, बाबा? का?"

मग हॉकर सेंटरमध्ये कॉफी घेऊन बसलो आणि सांगितलं.

पोस्टिंग अरुणाचलला होतं. चौघांची गस्त. कमांडर नाईक शंकर म्हस्के, रेडिओवर गायकवाड, शिपाई दिनकर आणि मी. तिसऱ्या दिवशी १४१० वाजता दरड आली. रेशनच्या पिशव्या खाली गेल्या. दिनकरचा पाय मोडला. शंकरलाही एक दगड लागला होता. "खरचटलंय," म्हणाला. पोस्ट दोन दिवसांच्या चढावर होती.

गायकवाडनं सेट लावला.

"हेलिकॉप्टर नाही. ढग आहेत. चालत या. ओव्हर."

"रेशन गेलं. ओव्हर."

"जनावर मिळालं तर मारा. ओव्हर."

दिनकरला स्ट्रेचरवर न्यायचं म्हणजे उचलणारे दोघे, मी आणि गायकवाड. उपाशीपोटी तो चढ होणार नव्हता. दुसऱ्या दिवशी ०६२० ला भेकर मिळालं. एक गोळी. मी वीतभर खंजीर काढला.

"ठेव तो," शंकर म्हणाला. "आतडं फाटलं की मांस गेलं."

त्यानं खिशातून चार बोटांचा चाकू काढला. धार वर, टोकाखाली दोन बोटं. पोट असं उघडलं की आतल्या कशाला धक्का नाही. मग चाकूची मूठ बुटाखाली दाबून तो विळीवर बसावं तसा बसला आणि एका हातानं मांस पात्यावर ओढून कापू लागला. दुसरा हात बरगडीखाली धरलेला होता. असं कापताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. मी विळीबद्दल विचारलं, तिला धार कोण लावायचं तेही विचारलं.

"आई," तो म्हणाला. "हात चुकतो. विळी चुकत नाही."

०७३० ला मांस शिजलं. आम्ही तिघे तुटून पडलो. शंकरनं फक्त पाणी घेतलं.

"माझा शनिवार आहे."

गायकवाड रेडिओ लॉग लिहायचा. लॉगमध्ये गुरुवार होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. पण माणसाच्या उपासावर कोण वाद घालतं? आम्ही स्ट्रेचर उचललं.

शंकर दोन्ही दिवस पुढे चालला. वाट तोच काढत होता. पोस्ट दिसली तेव्हा तो खाली बसला, तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, दरडीपासून पोटात रक्तस्राव होता.

"त्यांनी सांगितलं का नाही?" निनादनं विचारलं.

"स्ट्रेचर एक. उचलणारे दोघे. सांगितलं असतं तर कुणाला मागे ठेवायचं ते आम्हाला ठरवावं लागलं असतं."

दिनकर आज साताऱ्यात दोन नातवांना शाळेत सोडतो, जरा लंगडत. मी भेटेल त्याला सतरा प्रश्न विचारणारा माणूस. त्या सकाळी विळीची धार विचारली, बरगडीवरचा हात विचारला नाही. ते मला अजून सलतं.

शंकरचं सामान घेऊन त्याच्या गावी मीच गेलो. आई ओट्यावर बसली होती. पोरगा कसा गेला, हे तिनं विचारलं नाही.

"शेवटी जेवला होता का रे?"

"हो मावशी," मी म्हणालो. "पोटभर."

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत खोटा रिपोर्ट मी तेवढा एकच दिला.