गार्डसाहेबांचं रसम

सांबार आणि रसम यांतला फरक न कळता दोन्ही एकाच पातेल्यात करू शकणारा माणूस भूतलावर एकच असेल, आणि तो डहाणूत आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ साऱ्या आळीचे गार्डसाहेब. पत्नी गेल्यावर पाच वर्षं ते बाहेरच्या डब्यावर जेवले. घरचा गॅस धड पेटतो की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मुलाने मदुराईकडची मुलगी केली आणि तो चेन्नईला राहू लागला. पुढे त्याला नोकरीसाठी काही महिने परदेशी जावं लागलं, तेव्हा तिसरा महिना लागलेली सून डहाणूला येणार असं ठरलं. गार्डसाहेब कुंपणाशी येऊन म्हणाले, "मास्तर, पोरीला आई नाही. तिला तिच्या घरचं जेवण मिळालंच पाहिजे." आणि माझ्याकडूनच वाटीभर तूरडाळ घेऊन गेले.

जन्मभर वेळापत्रकावर चाललेला माणूस स्वयंपाकही तसाच करणार. त्यांनी वेळांची वही केली. १०.०२ मोहरी, १०.०३ कढीपत्ता, १०.०४ हिंग. मोहरी १०.०२ला तडतडली नाही तर ते तिच्याकडे घड्याळ रोखून उभे राहत, आणि तोवर तेल जळे. मोबाईलवर एक बाई सांगे, रसमात डाळीचं पाणी हवंच. दुसरी सांगे, डाळ अजिबात नको. तिसरी तमिळमध्ये बोले, तिचं ते सर्वांत मन लावून ऐकत. इडलीचं पीठ फुगेना तेव्हा बाजारातल्या भाजीवालीने सल्ला दिला, "काका, जराशी ताडी घाला, मग बघा कसं फुगतंय ते." आमच्याकडे ताडीला काय तोटा! पण यांनी जराशी म्हणजे तांब्याभर घातली. सकाळी पीठ ओट्यावरून उतरून दारापर्यंत आलं होतं, आणि गार्डसाहेब वहीत त्याची वेळ लिहून घेत होते.

चाखायचं काम माझ्याकडे. कुंपणावरून वाटी येई, "मास्तर, ओळखा!" मी सांबार म्हटलं की ते रसम निघे, रसम म्हटलं की चटणी. एकदा मी हरलो आणि विचारलं, "तुम्हीच सांगा, हे काय आहे?" त्यांनी वाटीत बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "सुरुवात सांबाराने केली होती." माझा गोंधळ इतका वाढला की घरच्या आमटीकडेही मी संशयाने बघू लागलो. आमच्या अंगणातला कढीपत्ता तर त्यांनी पार बोडका केला.

सून आली आणि चार दिवसांत आडवी झाली. पोटात पाणी ठरेना. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत काही गेलं नाही तर सलाईन लावू. सगळ्यांनी काय काय पुढे केलं, ती मान हलवी. शेवटी रडत म्हणाली, "बाबा, मला रसम पाहिजे. आईचं." गार्डसाहेब तडक ओट्याशी गेले. त्यांनी घड्याळ पाहिलं नाही की वही उघडली नाही. हाताला लागेल ते पातेल्यात पडत गेलं. मी चमचाभर चाखलं, पण जीव तिच्याकडे लागलेला. ती भाताबरोबर दोन वाट्या जेवली, "आईचं असं नव्हतं," म्हणाली, आणि शांत झोपली. गार्डसाहेब तिच्या खोलीबाहेर खुर्चीवर हातात डाव धरून दुपारभर बसून होते.

आता ती चेन्नईला आहे, मुलगी चार महिन्यांची झाली. गार्डसाहेबांना हल्ली उत्तम रसम येतं. अगदी आईच्यासारखं, असं सुनेनेच जाताना सर्टिफिकेट दिलंय. पण मध्यंतरी तिचा फोन आला, "बाबा, ते नको. त्या दिवशीचं कसं केलं होतं, ते सांगा." वहीत त्या दिवसाचं पान कोरं! तेव्हापासून दर रविवारी प्रयोग चालतात. चिंच होती की आंबोशी? मिरी कुटलेली की अख्खी? "मास्तर, चाखलं तुम्हीच होतं, आठवा," असं म्हणून ते वाटी पुढे करतात.

खरं सांगायचं तर मला ती चव मुळीच आठवत नाही. पण तसं सांगायचा धीर होत नाही. मी डोळे मिटतो, घोट घेतो, जरा विचार केल्यासारखं करतो आणि म्हणतो, "जवळ आलंय, पण ते नव्हे." ते वहीत काट मारतात आणि लगबगीने परत जातात. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून मोहरीची तडतड ऐकू येते, फोडणीचा वास येतो. पाच वर्षं त्या घरातून कसलाच वास आला नव्हता.